घुमटांनी गाणं रचलं नाही

व्हेनिसच्या सान मार्को बॅसिलिकाविषयी काहीही वाचायला घ्या, कार्यक्रमपत्रिका असो की पर्यटकांसाठीचं पुस्तक, एक कथा हटकून भेटते. फ्लँडर्सहून आलेला आद्रियान विलार्ट १५२७ साली इथे गायनप्रमुख झाला. वेदीच्या दोन्ही अंगांना ऑर्गनचे समोरासमोर सज्जे आहेत हे त्यानं पाहिलं, वृंदाचे दोन भाग करून एकेक भाग एकेका सज्ज्यात चढवला, आणि घुमटाखाली दोन्हीकडून सूर येऊन भिडू लागले. 'कोरी स्पेत्साती', म्हणजे दुभागलेले वृंद, हा प्रकार असा जन्मला. वास्तूनंच तो रचून घेतला. हल्ली ही कथा 'सोळाव्या शतकातला सराउंड साउंड' म्हणून विकली जाते. तिच्यावर तुटून पडणारेही आता पुष्कळ आहेत. त्यांच्या मते सज्ज्यांत कोणी गातच नव्हतं, आतला घुमारा इतका की कुणाला काही कळलंच नसतं, सबब सगळं थोतांड. एक बाजू सज्ज्याकडे बोट दाखवते, दुसरी सज्जा रिकामा असल्याचे पुरावे आणते, आणि गायक कुठे उभे होते एवढ्यावरच दोघी भांडत बसतात. ते काय गात होते, हे उघडून बघायची तसदी फार थोडे घेतात.

ही आख्यायिका बाद करावी असंच माझंही मत आहे. पण ती खोटी आहे हे त्याचं दुय्यम कारण. मुख्य कारण असं की तिच्यावर विश्वास ठेवणारे वृंद विलार्ट वाईट गातात. त्याच्या दोन वृंदांमधला भेद डाव्या-उजव्याचा नाही. मोजक्या आवाजांचा आणि भरघोस आवाजांचा आहे. तो एकदा लक्षात आला की मध्ये किती मीटर अंतर होतं हा प्रश्न पुष्कळसा गळून पडतो, आणि वास्तूचं खरं काम काय होतं हेही नीट दिसायला लागतं.

विलार्टचा परिचय थोडक्यात पुरेल. जन्म १४९० च्या सुमाराचा, फ्लँडर्समधला. कायदा शिकायला पॅरिसला गेला आणि तिथे जाँ मूताँचा शिष्य होऊन संगीतात अडकला. पुढे फेर्राराच्या एस्ते घराण्याची चाकरी. मग १२ डिसेंबर १५२७ रोजी डोज आंद्रेआ ग्रित्तीच्या पाठिंब्यानं सान मार्कोत नेमणूक. सुरुवातीचा पगार वर्षाला ७० डुकाट, शेवटी २००. १५६२ च्या डिसेंबरात मरेपर्यंत, पस्तीस वर्षं, तो तिथेच होता. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: सान मार्को हे तेव्हा शहराचं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, नव्हतं; ते १८०७ साली झालं. विलार्टच्या काळी ते डोजचं, म्हणजे राज्यप्रमुखाचं, देवघर होतं. तिथलं गाणं कुणाच्या कानांसाठी होतं, याचं उत्तर इथेच अर्धं मिळतं.

आता पुरावा. १५५० साली व्हेनिसच्या गार्दानो छापखान्यानं सायंप्रार्थनेच्या स्तोत्रांचा संग्रह काढला, विलार्ट आणि मांतुआचा जाकेत या दोघांच्या नावानं. त्यात विलार्टची दोन वृंदांसाठीची स्तोत्रं आठ: 'क्रेदिदी', 'दे प्रोफुन्दिस', 'लाउदा येरुसालेम' वगैरे. प्रत्येक वृंदात चार आवाज, म्हणजे एकूण आठ. पहिली ओळ एका वृंदाची, दुसरी दुसऱ्याची, पुन्हा पहिल्याची. शेवटच्या 'पित्याला, पुत्राला' या गौरवगीतात दोन्ही वृंद एकत्र येतात. ओळ मध्येच तोडून इकडून तिकडे फेकाफेकी नाही, प्रतिध्वनीचे खेळ नाहीत. आतल्या स्तोत्राची पारंपरिक चाल धरून शब्द सरळ, बोलल्यासारखे पुढे जातात. ही स्तोत्रं गायची कशी, याचं उत्तर बार्तोलोमेओ बोनिफाचो या सान मार्कोच्या विधिप्रमुखानं १५६४ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. वेदीवरचा सोन्याचा चित्रफलक, 'पाला दोरो', ज्या सणांना उघडला जाई, त्या संध्याकाळी स्तोत्रं दोन वृंदांत गायली जात. आणि वाटणी अशी, की चार गायक एका वृंदात, उरलेले सगळे दुसऱ्यात. गायकांची जागा म्हणून तो वेदीपुढच्या खांबांच्या ओळीबाहेरचा मोठा कोनदार मंच सांगतो. व्हेनिसकर त्याला 'बिगोंझो', म्हणजे पिंप, म्हणत. एकाच पिंपात दोन वृंद! त्यांच्यात हातभराचं अंतर असेल तरी खूप.

चार आणि उरलेले सगळे. या चार शब्दांत त्या स्तोत्रांचं सगळं तंत्र आलं. समजा तेरा गायक आहेत. चौघे एकेका आवाजाला एक असे गातील, नऊ जण उरलेले चार आवाज वाटून घेतील. पहिल्या वृंदाच्या ओळीत प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येक गळ्याचा पोत वेगळा ऐकू येतो. दुसऱ्याच्या ओळीत तेच सूर जाड होतात, कडा बोथट होतात, भरणा वाढतो. डोळे मिटून, एकाच ठिकाणाहून आलं तरी हा फरक कळतो. मराठी कानाला यात नवं काय आहे? शाहीर आणि झीलकरी एकाच चौथऱ्यावर खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि तरी ते दोन 'वृंद' असतात. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मध्ये वीणेकरी. अभंगाचं चरण एका रांगेनं टाकायचं, दुसरीनं उचलायचं. हा प्रकार पंढरपूरच्या सभामंडपाच्या खांबांमुळे जन्मला असं कुणी म्हटलं तर आपण हसू.

स्तोत्राची ओळ आळीपाळीनं म्हणण्याची रीत युरोपातही विलार्टपेक्षा हजार वर्षांहून जुनी. ३८६ साली मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या लोकांनी चर्चचा ताबा सोडायला नकार दिला आणि ते रात्रंदिवस आत बसून राहिले, तेव्हा लोकांनी कंटाळू नये म्हणून पूर्वेकडच्या पद्धतीनं स्तोत्रं गायला सुरुवात झाली, असं ऑगस्टिन सांगतो. पुढे प्रत्येक मठात साधूंच्या बसायच्या जागाच दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून, बांधल्या गेल्या. म्हणजे वास्तूनं विधीचा माग काढला. विलार्टच्या दोन वृंदांचं मूळ इथे आहे. त्यानं साध्या एकसुरी आळीपाळीला चार अधिक चार आवाजांचा पोशाख चढवला.

आणि तोही त्यानं पहिल्यांदा चढवला नाही. पादुआच्या कॅथीड्रलमध्ये रुफिनो दास्सीसी हा फ्रान्सिस्कन भिक्षू त्याच्या आधीच दोन वृंदांची स्तोत्रं रचत होता. त्रेव्हीझो आणि बेर्गामो इथेही तसली हस्तलिखितं सापडली आहेत. जोव्हान्नी दालेस्सी या संशोधकानं १९५२ साली हे सगळं पुढे मांडलं, तेव्हापासून ते छापील आहे, गुप्त काही नाही. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती अशी: रुफिनोचे वृंद विलार्टच्या वृंदांपेक्षा कितीतरी खेळकर आहेत. ते ओळ मध्येच तोडतात, एकमेकांच्या शब्दावर शब्द टाकतात. घुमटांचा प्रताप म्हणून जे कौतुक होतं, ते पादुआत सापडतं, आणि पाच घुमटांच्या सान मार्कोतला माणूस मात्र एक पूर्ण ओळ संपल्यावर दुसरी, असा शिस्तीत चालतो. वास्तूच जर संगीतकार असेल तर तिनं आपलं काम चुकीच्या गावात का केलं?

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो सज्ज्यांवर नाही, जोसेफ्फो झार्लिनोवर उभा आहे. झार्लिनो विलार्टचा शिष्य, पुढे १५६५ पासून त्याच्याच जागेवर बसलेला. आपल्या १५५८ च्या संगीतशास्त्रावरच्या ग्रंथात तो स्वच्छ लिहितो की असे वृंद एकमेकांपासून काहीसे दूर ठेवलेले असतात, म्हणून प्रत्येक वृंद स्वतंत्रपणे सुसंवादी असायला हवा, आणि दोघे एकत्र गाताना दोन्ही खर्ज आवाज एकाच स्वरावर किंवा सप्तकाच्या अंतरावर असावेत, क्वचित तिसऱ्या स्वराच्या, पण पंचमाच्या कधीच नाही. कारण आपल्या भाषेत असं सांगता येईल: पहिल्या वृंदाचा खर्ज सा वर आहे, दुसऱ्याचा प वर. मध्यभागी बसलेल्याला सगळ्यांत खालचा सा ऐकू येतो, त्याला काही खटकत नाही. पण दुसऱ्या वृंदाच्या शेजारी बसलेल्याच्या कानात खालचा स्वर प हाच ठसतो, आणि त्यावरचा सा तिथून चौथा पडतो. खर्जापासूनचा चौथा स्वर त्या काळच्या नियमांत विसंवादी. एकच रचना हॉलच्या एका कोपऱ्यात शुद्ध आणि दुसऱ्यात अशुद्ध. विलार्टनं हे टाळलं आहे. आठही स्तोत्रांच्या शेवटी तपासून पाहता येतं.

तेव्हा अंतर होतं, हे मान्य करायलाच हवं, आणि 'एकाच पिंपात' हा पुरावा विलार्टच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी लिहिलेला आहे हेही. पण झार्लिनोच्या नियमातून निघतं काय? समोरासमोरचे उंच सज्जे निघत नाहीत. निघतं ते असं, की विलार्टनं अंतरावर अवलंबून राहायचं नाही अशी रचना केली. दोन्ही वृंद आपापल्या पायावर उभे, खर्जाचा आधार दोन्हीकडे सारखा. मग मध्ये तीन मीटर असोत की पंधरा. गार्दानोच्या पुस्तकाच्या नावातच ही स्तोत्रं एका वा दोन वृंदांनी गाण्याजोगी बेतली आहेत असं म्हटलं आहे. प्रत्येक आवाजाची सुटी पुस्तिका छापून विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक सगळ्या इटलीत हवं असतं. एकाच इमारतीच्या मापानं शिवलेला अंगरखा कोण छापून विकेल?

ही सावधगिरी न समजता वृंद खरोखरच लांबवर उभे केले की काय होतं, ते साध्या गणितानं कळतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा मीटरला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, तीस मीटरला ८७. ठोका मिनिटाला ६० धरला आणि ठोक्याला एक सेमिब्रेव्ह (त्या काळच्या स्वरलिपीतलं एक कालमान), तर मिनिम अर्ध्या सेकंदाचा आणि सेमिमिनिम पाव सेकंदाचा; ८७ मिलिसेकंद म्हणजे सेमिमिनिमच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. विलार्टचे वृंद ओळीच्या शेवटी एकमेकांत गुंतलेले असतात: पहिल्याचा शेवटचा स्वरमेळ चालू असतानाच दुसऱ्याचा पहिला शब्द सुरू होतो. दुसरा वृंद कानावर विसंबून उठला की ८७ मिलिसेकंद उशिरा उठतो, आणि त्याचा आवाज पहिल्याकडे पोचेपर्यंत १७४ झालेले असतात. दर ओळीला असं होऊन स्तोत्र ओढत, रखडत जातं. उपाय म्हणून मग दोन्ही सज्ज्यांत कॅमेरा आणि पडदा लावतात. गायक ठोक्यावर येतात, पण एका वृंदाजवळ बसलेल्या श्रोत्याला दुसरा उशिरानं ऐकू येतोच. शेवटच्या आठ आवाजांत जिथे शुद्ध सुसंवाद लिहिला आहे तिथे त्याला रचनाकारानं न लिहिलेले खटके ऐकू येतात. हे लपवायला लय कमी करतात. लय कमी झाली की ज्यासाठी विलार्टनं सगळा साधेपणा पत्करला, ते शब्द जातात. वर दोन्हीकडे सारखेच आठ-आठ, दहा-दहा गायक घेतलेले असतात, म्हणजे पोतातला फरकही गेला. उरतो तो डावा आणि उजवा स्पीकर.

दुसरा मुद्दा वास्तूचा, आणि तोही हलका नाही. ग्रित्तीनं विलार्टप्रमाणेच याकोपो सान्सोव्हिनो या वास्तुकारालाही आणलं. थकलेल्या, जडावलेल्या ग्रित्तीच्या काळात डोजचं आसन वेदीजवळच्या भागात आलं, आणि १५३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या काही वर्षांत सान्सोव्हिनोनं त्याच भागात दोन्ही बाजूंना ब्राँझच्या उठावचित्रांचे दोन छोटे गायन-सज्जे बांधले. हे विलार्टच्या दुभागलेल्या वृंदांसाठीच बांधले गेले, असं डेबोरा हॉवर्ड आणि लाउरा मोरेत्ती या संशोधकांचं मत आहे. २००७ साली त्यांनी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा वृंद व्हेनिसला नेऊन वेगवेगळ्या जागांवरून गाऊन घेतलं आणि मोजमापं केली. वेदीजवळ, डोज बसायचा तिथे, दोन्ही वृंद स्पष्ट ऐकू येतात. बाहेर लोकांच्या भागात सगळं धूसर होतं.

हे सगळं जसंच्या तसं मान्य केलं तरी आख्यायिकेला आधार मिळत नाही, उलट तिचा पाय खचतो. सज्जे १५३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बांधले गेले. दोन वृंदांची स्तोत्रं पादुआत त्याआधीची. रीत आधी, विटा मागून. आणि हे सज्जे डोजच्या आसनाला धरून आहेत, घुमटांना धरून नाहीत; हेतू मोठा अवकाश भरून टाकायचा नसून छोट्या जागेत एका माणसाला आणि त्याच्या पाहुण्यांना शब्द स्वच्छ ऐकवायचा आहे. 'सराउंड साउंड' म्हणून ज्या जागी आज तिकीट लावलं जातं, तिथे बसलेल्याला तेव्हाही धूसरच ऐकू आलं असतं. थोतांड म्हणणाऱ्यांचंही यात चुकतं. घुमारा आहे म्हणून काही कळलंच नसतं, हे बाहेरच्या श्रोत्यापुरतं खरं, आतल्यापुरतं नाही.

मग ही कथा आली कुठून? उत्तर जोव्हान्नी गाब्रिएली या सान मार्कोच्या पुढच्या काळातल्या रचनाकारात आहे. १५६८ साली सान मार्कोनं कायमचे वादक नेमले, त्यानंतर कॉर्नेट, ट्रॉम्बोन, दोन ऑर्गन, तीन-तीन चार-चार वृंद असा थाट वाढत गेला. गाब्रिएलीचा १५९७ चा संग्रह हे त्याचं शिखर. तिथे उंच सज्ज्यांत वादक बसवणं शोभतं. १८३४ साली कार्ल फोन विंटरफेल्ट या जर्मन अभ्यासकानं गाब्रिएलीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि व्हेनिसच्या संगीताकडे गाब्रिएलीच्या चष्म्यातून पाहायची सवय लागली. नातवाचे दागिने आजोबांच्या तसबिरीवर रंगवावेत, तसं गाब्रिएलीचं वैभव विलार्टच्या अंगावर चढलं. बरं, अनेक वृंदांची ही फॅशन सतराव्या शतकात गोव्याच्या चर्चपर्यंत पोचली होती आणि तिथे ती ऐकून थक्क झालेल्या युरोपीय प्रवाशांच्या नोंदी आहेत. जुन्या गोव्यात सान मार्कोचे घुमट कुठे होते?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो करणारी माणसं प्रामाणिक असतात. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं लॅटिन स्तोत्र ऐकायला लोक येतात ते अशा एखाद्या गोष्टीच्या ओढीनंच. गोष्ट काढून घेतली तर खुर्च्या रिकाम्या राहतील. यावर सिंहगडाची घोरपड आठवते. कडा चढले ते मावळे, पण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या लक्षात राहिली ती यशवंती. गोष्ट रंगतदार होते, पण कसब दाखवणाऱ्याचं श्रेय जातं. इथे तर दोघांचं गेलं आहे: विलार्टचं इमारतीला, आणि रुफिनोचं विलार्टला. नावामागे धावण्याच्या सवयीचा चटका विलार्टनं स्वतः सोसला होता. झार्लिनो सांगतो, तरुणपणी तो रोमला गेला तेव्हा पोपचा वृंद 'व्हेर्बुम बोनुम' ही सहा आवाजांची रचना जोस्कॅं या नामवंत रचनाकाराची म्हणून मोठ्या प्रेमानं गात होता. ती माझी आहे, असं विलार्टनं सांगितलं. आणि त्यांनी ती गायची बंद केली. ही गोष्ट सराउंड साउंडपेक्षा कमी रंजक आहे का? कार्यक्रमपत्रिकेत तिला जागा द्यायला काय हरकत आहे?

हे गाणाऱ्या वृंदांसाठी कामाचं सांगायचं तर असं. चार सर्वोत्तम गायक बाजूला काढा. उरलेले, कितीही असोत, दुसरा वृंद. दोघांत तीन ते पाच मीटर अंतर पुरे, दोन्हीकडची तोंडं एकमेकांकडे किंचित वळलेली, आणि ठोका देणारा एकच, दोघांनाही दिसेल असा. स्तोत्राआधी आणि नंतर त्या सणाचं छोटं एकसुरी आंतरगीत गा, नाहीतर स्तोत्र अधांतरी सुरू झाल्यासारखं वाटतं. सरावात आधी फक्त ओळींचे सांधे घ्या: एकाचा शेवट, दुसऱ्याची सुरुवात, एवढंच, आठ-दहा वेळा, कारण चूक जवळजवळ नेहमी तिथेच होते, पहिला वृंद शेवटच्या स्वरावर संपल्यासारखा सैल पडतो आणि दुसरा श्वास घेत बसतो. चौघांनी मोठ्यानं गाऊन नऊ जणांची बरोबरी करायला जाऊ नये. शेवटच्या गौरवगीतात दोन्ही खर्ज गायकांना शेजारी उभं करून एकदा फक्त त्यांचेच आवाज गाऊन घ्या. ते कुठे एक होतात आणि कुठे सप्तकानं सुटतात हे त्यांना कळलं की वरचे सहा आवाज आपोआप सुरात येतात. आणि सज्ज्यातून ट्रॉम्बोन वाजवायची हौस असेल तर त्याच संध्याकाळी गाब्रिएली घ्यावा; त्याच्या १५९७ च्या पुस्तकात सहापासून सोळा आवाजांपर्यंत हवं ते मिळतं.